संमतीचा पुरावा : रायगड किनाऱ्यावरील दूरध्वनी-बिलांच्या तक्रारींचा इतिहास

मोबाइलच्या बिलात अनपेक्षितपणे उमटलेल्या, किंवा प्रीपेड खात्यातून न सांगता वजा झालेल्या ‘प्रीमियम’ संदेशांच्या शुल्काविषयीचे वाद हे वरवर पाहता एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांतले वाटतात; परंतु अलिबाग, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन या किनारपट्टीवर संदेशवहनाची साधने ज्या क्रमाने आली तो क्रम पाहिला, तर या वादांचे मूळ बरेच मागे सापडते. सेवा मागितली कोणी, आणि तशी मागणी झाल्याचा पुरावा कोणाच्या हाती, हा त्या वादाचा गाभा आहे. तारेपासून मोबाइलपर्यंतच्या प्रवासात हा पुरावा ग्राहकाच्या हातून टप्प्याटप्प्याने निसटत गेला आणि तो परत मिळवण्यासाठी कायद्याला व ग्राहक चळवळीला दीर्घकाळ झगडावे लागले. आजही तो पूर्णपणे परत आलेला नाही.

तारेच्या व्यवहारात हा प्रश्न जवळजवळ उद्भवतच नसे. तार पाठवणारा टपाल कचेरीच्या खिडकीशी जाऊन छापील फॉर्मवर मजकूर लिही किंवा लिहवून घेई, कारकून त्याच्यादेखत शब्द मोजी, शब्दांच्या संख्येवर दर ठरे, पैसे आगाऊ भरले जात आणि पावती हाती पडे. तार ज्याला पोचे त्याला काहीही द्यावे लागत नसे. भरलेला व सही केलेला फॉर्म हाच मागणीचा पुरावा असल्यामुळे, शब्द चुकला, तार उशिरा पोचली, अशा तक्रारी होत. पण न पाठवलेल्या तारेचे पैसे मागितले गेले अशी तक्रार होण्याला जागाच नव्हती. ट्रंक कॉलच्या काळातही, म्हणजे परगावचा दूरध्वनी एक्स्चेंजमधील ऑपरेटरकडे नोंदवून तासन्‌तास वाट पाहावी लागे त्या काळात, प्रत्येक कॉलमागे ऑपरेटरने लिहिलेले एक तिकीट असे आणि त्यावर कोणत्या क्रमांकावरून कोठे, किती मिनिटे बोलणे झाले हे नोंदलेले असे.

ही साखळी प्रथम तुटली ती एसटीडीच्या आगमनाने. ऑपरेटरची मदत न घेता ग्राहकाने स्वतः परगावचा क्रमांक फिरवण्याची ही सोय भारतात १९६० साली लखनौ व कानपूर या शहरांदरम्यान सुरू झाली आणि पुढे देशभर पसरली. तिच्यात बोलण्याचे मोजमाप ‘पल्स’ या एककात होई. अंतर जितके अधिक तितक्या वेगाने पल्स पडत आणि एक्स्चेंजमधील मीटरचा आकडा पुढे सरके. मीटर एक्स्चेंजमध्ये, बिल टपालाने घरी, आणि बिलावर केवळ मागचा आकडा, आताचा आकडा व त्यांतील फरक. कोणत्या दिवशी कोणाला फोन केला याचा तपशील नाही. ‘बिल फुगले’ ही तक्रार मराठी वृत्तपत्रांच्या पत्रव्यवहारात रूढ झाली ती याच काळात. मीटर सदोष असू शकतो, लाइनमनशी संगनमत करून दुसराच कोणी त्या तारेवरून परदेशी बोलू शकतो, हे सर्वांना ठाऊक होते. पण ते सिद्ध करण्याचा भार मात्र, ज्याने मीटर कधी पाहिलाच नाही अशा ग्राहकावर पडत होता.

या तुलनेत ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धापासून एसटी स्थानकांशेजारी आणि बाजारपेठांत उभे राहिलेले पिवळ्या पाट्यांचे एसटीडी-पीसीओ अधिक प्रामाणिक व्यवहाराचे ठरले, ही गोष्ट दूरध्वनीच्या इतिहासात पुरेशी नोंदली गेलेली नाही. बूथमध्ये उभ्या असलेल्या माणसाला समोरच्या पेटीवर पल्स पडताना दिसत, आकडा नको तितका वाढू लागला की तो बोलणे आवरते घेई, आणि बाहेर येताच क्रमांक, वेळ, अवधी व रक्कम छापलेली चिठ्ठी त्याच्या हातात पडे. म्हसळा-श्रीवर्धन भागातून आखातात नोकरीला गेलेल्यांच्या घरच्यांना, किंवा मुंबईच्या गिरण्यांत व गोदीत काम करणाऱ्या चाकरमान्यांच्या कुटुंबांना, बोलण्याची किंमत अशी उघड्या डोळ्यांनी मोजता येत होती. पुढे मोबाइल हातात आल्यावर नेमकी हीच उघड मोजणी नाहीशी झाली.

भारतातील पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी कोलकात्याहून दिल्लीला झाला. मोबाइल सेवेसाठी देशाची विभागणी परवान्यांच्या परिमंडळांत, म्हणजे ‘सर्कल’मध्ये, करण्यात आली होती आणि या विभागणीत मुंबई महानगर हे एक सर्कल तर उर्वरित महाराष्ट्र व गोवा हे दुसरे सर्कल ठरले. रायगडच्या किनाऱ्याला या रेषेची झळ विशेष बसली. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला किंवा गेटवेवरून मांडव्याला लाँचने येणारा माणूस तासाभरात बंदर ओलांडत होता. परंतु त्याच्या हातातील यंत्राच्या दृष्टीने तो एका परवानाक्षेत्रातून दुसऱ्यात शिरत होता आणि त्याबरोबर रोमिंगचे, म्हणजे परक्या क्षेत्रात सेवा वापरल्याबद्दलचे, दर लागू होत होते. त्या काळात येणाऱ्या कॉललाही पैसे पडत. ही पद्धत १ मे २००३ पासून, कॉल करणाऱ्यानेच पैसे देण्याचा नियम आल्यावर, सर्वसाधारणपणे बंद झाली. मुंबई व उर्वरित महाराष्ट्र यांच्यातील कॉल एकाच सर्कलमधील मानण्याची मुभा २००५ साली मिळाली. शतकानुशतके मुंबई बंदराशी एकजीव असलेल्या, जिथली भाजी, मासळी आणि माणसे रोज पलीकडे जातात अशा किनाऱ्याला, ‘परगाव’ म्हणजे काय याची व्याख्या दिल्लीतून ठरवून मिळाली होती, आणि अनपेक्षित बिलांचा पहिला अनुभव येथे अनेकांना आला तो या व्याख्येमुळे.

दुसरा, अधिक खोलवर गेलेला बदल प्रीपेडचा. बिल नंतर येण्याऐवजी पैसे आधी भरायचे आणि वापराप्रमाणे ते वजा होत जायचे, ही पद्धत महिन्याकाठी ठरावीक पगार नसलेल्या वर्गाला सोयीची होती. हंगामावर जगणाऱ्या मच्छीमारांना, बागायतीतल्या मजुरांना, वीटभट्टीवर जाणाऱ्यांना तर तीच परवडणारी होती. काही वर्षांतच देशातील दहांपैकी नऊहून अधिक मोबाइल जोडण्या प्रीपेड झाल्या. परंतु प्रीपेडबरोबर बिल हा कागदच नाहीसा झाला. पोस्टपेड ग्राहकाला निदान एक कागद मिळे, त्यावर एक ओळ दिसे, तिच्यावर बोट ठेवून तो विचारू शके, आणि वादातील रक्कम भरायची की नाही हे ठरवण्याइतका अवकाश त्याला असे. प्रीपेड ग्राहकाचे पैसे आधीच गेलेले असत. ‘बॅलन्स कटला’ या दोन शब्दांत तो आपली तक्रार मांडी आणि ती ऐकून घेणारा पहिला माणूस म्हणजे कोपऱ्यावरचा रिचार्जवाला दुकानदार, ज्याचा या कपातीशी काहीही संबंध नव्हता. तोच ग्राहक सेवा केंद्राचा क्रमांक लावून देई, इंग्रजी संदेशाचा अर्थ सांगे, नको असलेली सेवा बंद करून देई. ग्राहक हक्कांच्या इतिहासात या बिनपगारी मदतनिसांची नोंद क्वचितच होते, म्हणून ती येथे मुद्दाम करणे आवश्यक आहे.

ही कपात होत असे ती प्रामुख्याने ‘मूल्यवर्धित सेवां’पोटी. बोलणे व साधा संदेश या मूळ सेवांखेरीज जे काही विकले जाई, म्हणजे कॉलर ट्यून, राशिभविष्य, क्रिकेटचा धावफलक, विनोद, भक्तिगीते, स्पर्धा, ते सारे या नावाखाली येई. ‘प्रीमियम संदेश’ हा त्याचाच एक प्रकार : चार किंवा पाच आकडी आखूड क्रमांकावर पाठवलेला, अथवा तेथून आलेला, नेहमीच्या कितीतरी पट दराचा संदेश. त्यामागे तीन व्यवसाय उभे असत. एक मजकूर तयार करणारी कंपनी, दुसरी अनेक मजकूर-कंपन्यांना दूरसंचार जाळ्याशी जोडून देणारी मध्यस्थ कंपनी, आणि तिसरी ग्राहकाच्या खात्यातून पैसे वजा करणारी दूरसंचार कंपनी. मिळकत तिघांत वाटली जाई. ग्राहकाचा करार फक्त तिसरीशी होता, आणि मागणी नोंदवल्याचा दावा मात्र बहुधा पहिली किंवा दुसरी करीत असे. तक्रार केली की ‘ही सेवा तुमच्याच क्रमांकावरून सुरू झाली आहे’ असे उत्तर मिळे. ते खोटे असेच असे नाही. समोरच्याची कॉलर ट्यून ऐकताना तारांकनाचे बटण दाबले तर तीच धून आपल्या क्रमांकावर सुरू होण्याची सोय होती. पडद्यावर आपोआप उगवणाऱ्या संदेशावर तो घालवण्यासाठी ‘ओके’ दाबले तरी तो होकार ठरू शके. आपोआप आलेल्या ध्वनिमुद्रित कॉलमध्ये एखादा आकडा दाबला की महिन्याची वर्गणी सुरू होई आणि मुदत संपली की आपणहून नव्याने लागू होई. महिना तीसेक रुपयांची ही कपात एका खात्यापुरती किरकोळ दिसे. पण दहा-वीस रुपयांचा छोटा रिचार्ज मारणाऱ्या घरात ती दोन-तीन रिचार्जच्या बरोबरीची होती.

प्रीमियम संदेशाची दुसरी, उजळ बाजूही याच किनाऱ्याने पाहिली आणि तिचा उल्लेख टाळणे अन्यायाचे होईल. ‘इंडियन आयडॉल’च्या पहिल्या पर्वात, मार्च २००५ मध्ये, मुंबईचा अभिजीत सावंत प्रेक्षकांच्या मतांवर विजयी झाला, तेव्हा दूरचित्रवाणीवरील स्पर्धेला संदेशाने मत देण्याची सवय मराठी घरांना लागली होती, २००८-०९ मध्ये झी मराठीवरील ‘सा रे ग म प लिटिल चॅम्प्स’मध्ये अलिबागची मुग्धा वैशंपायन अंतिम पाच जणांत पोचली, तेव्हा आपल्या गावच्या मुलीला मत देणे ही आनंदाची आणि अभिमानाची गोष्ट होती. अशा संदेशाला कोणी फसवणूक म्हणत नव्हते, कारण तो जाणून-बुजून, कोणाला व कशासाठी हे ठाऊक असताना पाठवलेला होता. फरक येथेच आहे. दर जास्त असणे हा तक्रारीचा विषय क्वचितच असे; दर आणि मागणी या दोन्ही गोष्टी ग्राहकाला ठाऊक होत्या की नाहीत, यावर सारे अवलंबून असे.

हाच मुद्दा २००७ साली ‘कौन बनेगा करोडपती’च्या तिसऱ्या पर्वाच्या निमित्ताने न्यायापुढे गेला. कार्यक्रमाच्या जोडीने ‘हर सीट हॉट सीट’ नावाची प्रेक्षकांची स्पर्धा चालवली जाई. प्रश्नाचे उत्तर संदेशाने पाठवायचे, संदेशाचा दर २ रुपये ४० पैसे, आणि प्रत्येक भागात अचूक उत्तर देणाऱ्यांतून निवडलेल्या एकाला २ लाख रुपये. सोसायटी ऑफ कॅटॅलिस्ट्स या ग्राहक संस्थेने राष्ट्रीय ग्राहक आयोगाकडे तक्रार केली, तिचे म्हणणे असे की स्पर्धा विनामूल्य असल्याचा आभास निर्माण करून बक्षिसाची रक्कम प्रत्यक्षात महागड्या संदेशांतूनच उभी केली जात होती. सुमारे ५.८ कोटी संदेश आल्याचे या प्रकरणात मांडले गेले. सप्टेंबर २००८ मध्ये आयोगाने ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवून स्टार इंडिया व भारती एअरटेल यांना १ कोटी रुपयांची दंडात्मक भरपाई भरण्यास सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तो आदेश रद्द केला. बक्षिसाचे पैसे संदेशांच्या मिळकतीतूनच दिले गेले हे तक्रारदाराने सिद्ध केलेले नाही, असे त्याचे कारण होते. निकालाच्या योग्यायोग्यतेत न शिरताही एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे : मिळकतीची वाटणी कशी झाली हे सांगणारे करार कंपन्यांच्या कपाटात होते आणि ते सिद्ध करण्याची जबाबदारी मात्र संदेश पाठवणाऱ्यांच्या बाजूवर होती.

हिशेबाची वही एकाकडे आणि देणे दुसऱ्याकडे, या व्यवस्थेशी किनाऱ्यावरील लोकांचा परिचय नवा नव्हता. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, ज्याचे नाव १९८१ साली रायगड झाले, खोती पद्धतीखाली कुळाने खंड किती द्यायचा, मागची बाकी किती, वरकड वसुली कशाची, हे खोताच्या दप्तरात असे आणि कुळाकडून घेतलेल्या कबुलायतीवर, म्हणजे अटी मान्य असल्याच्या लेखावर, ज्याला वाचता येत नव्हते त्याचा अंगठा असे. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली अलिबागजवळच्या चरी गावी १९३३ मध्ये सुरू झालेला आणि १९३९ पर्यंत चाललेला शेतकऱ्यांचा संप हा मुख्यतः जमिनीचा व खंडाचा लढा होता, तरी न कळता दिलेल्या संमतीला संमती मानायचे का, हा प्रश्नही त्याच्या पोटात होता. त्या संपात कुळांनी जमिनी पडीक ठेवल्या आणि उपासमार सोसली, तेव्हा कोठे त्यांचे म्हणणे विधिमंडळापर्यंत गेले. मोबाइलच्या तीस रुपयांची तुलना त्या यातनांशी करणे अयोग्य ठरेल. परंतु लेखी संमतीकडे संशयाने पाहण्याची या भूमीतील परंपरा जुनी आहे, एवढे त्यावरून म्हणता येते.

तक्रार करायची तर कोठे, या प्रश्नाचे उत्तर मात्र अनेक वर्षे गुंतागुंतीचे राहिले, आणि या विषयातील सर्वांत विलक्षण भाग तोच आहे. १९८५ पर्यंत टपाल व तार हे एकच सरकारी खाते होते आणि त्याच्याशी होणाऱ्या वादांसाठी १८८५ च्या भारतीय तार अधिनियमात १९५७ साली ‘७ ब’ हे कलम घालण्यात आले होते. तारयंत्रणा, उपकरणे यांविषयी खाते आणि ग्राहक यांच्यात वाद झाला तर तो केंद्र सरकारने नेमलेल्या लवादाकडे जाईल आणि लवादाचा निर्णय अंतिम असेल, असे ते कलम सांगे; म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार त्यानेच पंच नेमायचा. पुढे १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा आला. त्याच्यामागे पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी उभारलेली ग्राहक पंचायत आणि १९७५ पासून काम करणारी मुंबई ग्राहक पंचायत यांसारख्या चळवळींचे परिश्रम होते. या कायद्याने जिल्ह्याजिल्ह्यांत ग्राहक मंच स्थापन झाले, रायगडचा मंच अलिबागला आला, आणि वकिलाविना, साध्या अर्जावर दूरध्वनीच्या बिलाचा वाद तेथे नेता येऊ लागला.

परंतु १ सप्टेंबर २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, कालिकतच्या एका ग्राहकाच्या तोडलेल्या दूरध्वनीच्या प्रकरणात, असा निर्णय दिला की दूरध्वनी-बिलाच्या वादासाठी ‘७ ब’ हे विशेष कलम असताना ग्राहक मंचाला तो ऐकण्याचा अधिकार नाही. परिणाम दूरवर पसरला. खासगी मोबाइल कंपन्यांनीही हा निकाल पुढे केला आणि अनेक मंचांनी तक्रारी परत पाठवल्या. दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे १९९७ साली स्थापन झालेले ट्राय, एकेका ग्राहकाची तक्रार हाती घेत नाही. २००० साली स्थापन झालेल्या दूरसंचार न्यायाधिकरणाच्या कक्षेतून, ग्राहक मंचाकडे जाऊ शकणारी व्यक्तिगत तक्रार कायद्यानेच वगळलेली होती. आणि आता मंचाचे दारही लोटले गेले. ज्या काळात मूल्यवर्धित सेवांच्या नावाखाली सर्वाधिक कपाती होत होत्या, नेमक्या त्याच काळात त्यांविरुद्धचा सोपा मार्ग अडला होता, ही गोष्ट केवळ योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. तिची किंमत असंख्य ग्राहकांनी निमूटपणे मोजली. केंद्रीय दूरसंचार विभागाने जानेवारी २०१४ मध्ये खासगी कंपन्या या ‘तार प्राधिकरण’ नाहीत आणि म्हणून ग्राहक मंच त्यांच्याविरुद्धच्या तक्रारी ऐकू शकतात, असा खुलासा केला. तरी न्यायालयाची निःसंदिग्ध मोहोर त्यावर उमटायला आणखी आठ वर्षे लागली.

ती उमटली अहमदाबादच्या एका पोस्टपेड ग्राहकामुळे. महिना २४९ रुपये भाड्याची त्याची जोडणी होती, सरासरी बिल ५५५ रुपयांचे येई, आणि ८ नोव्हेंबर ते ७ डिसेंबर २०१३ या एका महिन्याचे बिल मात्र २४,६०९ रुपये ५१ पैसे आले. त्याने २०१४ मध्ये जिल्हा मंचाकडे तक्रार केली. कंपनीने मंचाच्या अधिकारालाच आव्हान दिले, आणि बिल बरोबर की चूक या मूळ प्रश्नाला हात लागण्याआधी आठ वर्षे केवळ ‘कोठे दाद मागायची’ यावर गेली. १६ फेब्रुवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, तार अधिनियमातील लवादाची तरतूद ग्राहक मंचाचा अधिकार हिरावून घेत नाही, ग्राहकाला हवा तो मार्ग निवडता येतो, असा निर्णय दिला. इतक्या साध्या गोष्टीसाठी एवढा काळ लागावा, हे ग्राहक संरक्षणाच्या इतिहासातील खेदजनक प्रकरण आहे.

न्यायालयीन मार्ग अडला असताना खरा बदल घडवला तो नियामकाच्या आदेशांनी. जुलै २०११ मध्ये ट्रायने सेवा सुरू करण्याआधी ग्राहकाचा स्पष्ट होकार घेण्याचे बंधन घातले. जानेवारी २०१२ च्या विनियमांनी प्रीपेड ग्राहकाला, ५० रुपयांपर्यंतच्या शुल्कात, मागील सहा महिन्यांतील वापराचा तपशील मागण्याचा हक्क दिला, आणि तक्रारीसाठी कंपनीचे तक्रार केंद्र व त्यावर अपिलीय प्राधिकरण अशी दोन पायऱ्यांची रचना केली, ज्यात अपिलाचा निकाल ३९ दिवसांत लागणे अपेक्षित आहे. सर्वांत परिणामकारक ठरला तो १० जुलै २०१३ चा आदेश. त्याने दुहेरी होकार सक्तीचा केला : पहिल्यांदा सेवा मागितल्यावर तिचे नाव, दर व मुदत सांगणारा दुसरा संदेश यावा, आणि त्यालाही ग्राहकाने होकार दिला तरच पैसे वजा व्हावेत, हा दुसरा होकार नोंदवणारी यंत्रणा सेवा विकणाऱ्यापासून वेगळी असावी. नको असलेली सेवा बंद करण्यासाठी १५५२२३ हा एकच निःशुल्क क्रमांक सर्व कंपन्यांना ठेवावा लागला, आणि सेवा सुरू झाल्यापासून २४ तासांत हरकत घेतल्यास वजा झालेले पैसे परत देण्याचीही तरतूद झाली. या आदेशानंतर अवघ्या चार दिवसांनी, १४ जुलै २०१३ रोजी, भारतातील तार सेवेचा शेवटचा दिवस होता. खिडकीवर भरलेल्या फॉर्मने जे काम दीड शतकाहून अधिक काळ केले, ते विद्युत माध्यमातून पुन्हा उभे करण्याचा पहिला गंभीर प्रयत्न त्या फॉर्मच्या अस्तसमयीच झाला.

अमेरिकेत हाच प्रकार तिसऱ्याच कंपनीचे शुल्क फोनबिलात घुसडण्याच्या स्वरूपात गाजला आणि तेथील संघीय व्यापार आयोगाने २०१४ मध्ये एटी अँड टी या कंपनीशी १०.५ कोटी डॉलरची तडजोड केली, ज्यातील ८ कोटी डॉलर ग्राहकांना परत करण्यासाठी होते. महिन्याला ९ डॉलर ९९ सेंट हा तेथील नेहमीचा आकडा होता. भारतात मात्र आदेश पुढच्या व्यवहारांसाठी लागू झाले. मागे वजा झालेल्या रकमा ज्यांनी स्वतः मागितल्या त्यांनाच, तेही तक्रार क्रमांक जपून ठेवला असेल तर, परत मिळाल्या. प्रीपेड खात्यातील पाच, दहा, तीस रुपयांसाठी श्रीवर्धनहून अलिबागला एसटीने जाणे कोणालाही परवडणारे नव्हते, आणि सामूहिक परताव्याची योजना झाली नाही.

सणांच्या दिवशीचे संदेश हा याच वादाचा एक उपप्रकार होता. संदेशांचा सवलतीचा पॅक घेतलेल्या ग्राहकालाही दिवाळी, नववर्ष अशा दिवशी सवलत लागू नसे आणि प्रत्येक शुभेच्छेला पूर्ण दर पडे; हे दिवस ‘ब्लॅकआउट डे’ म्हणून ओळखले जात. ट्रायने अशा दिवसांच्या संख्येवर व पूर्वसूचनेवर बंधने घातली, आणि पुढे इंटरनेटवरून शुभेच्छा फुकट जाऊ लागल्यावर हा प्रश्न आपोआप विरला.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यानंतर बोलणे, संदेश व इंटरनेट यांचे एकत्रित पॅक रूढ झाले, खात्यात सुटे पैसे ठेवण्याची गरज कमी झाली आणि त्याबरोबर प्रीमियम संदेशांचा व्यवसाय आटला. होकाराचा प्रश्न मात्र नव्या जागी गेला. मोबाइलवरील अ‍ॅपची वर्गणी बँक खात्यातून आपोआप वळती होऊ लागली, तेव्हा रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२१ पासून कार्डांवरील अशा वळतीपूर्वी किमान २४ तास आधी सूचना देणे बंधनकारक केले. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्राहकाला चकवणाऱ्या तेरा मांडणी-प्रकारांची यादी प्रसिद्ध केली आणि वर्गणीच्या सापळ्याला तीत स्थान दिले. त्याच वर्षीच्या दूरसंचार अधिनियमाने १८८५ चा कायदा मागे टाकला, तक्रारींसाठी ऑनलाइन यंत्रणेची तरतूद केली आणि तिच्यामुळे ग्राहक कायद्याखालील हक्क बाधित होणार नाही असे स्पष्ट लिहिले. २००९ च्या निकालाने निर्माण झालेली कोंडी पुन्हा होऊ नये याची ती तजवीज आहे.

जुलै २०२० पासून लागू झालेल्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदाराला आपल्या राहत्या ठिकाणच्या आयोगाकडे, म्हणजे पूर्वीच्या मंचाकडे, जाण्याची मुभा दिली. कंपनीचे कार्यालय मुंबईत असो वा गुरुग्राममध्ये, मुरूडच्या ग्राहकाला अलिबागच्या आयोगात, तेही ऑनलाइन, अर्ज करता येतो, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे. डिसेंबर २०२१ मधील परवाना-दुरुस्तीनुसार कंपन्यांना कॉल व संदेशांच्या नोंदी किमान दोन वर्षे जपून ठेवाव्या लागतात. म्हणजे ग्राहक जितक्या काळात दाद मागू शकतो तितका काळ पुरावा कंपनीकडे असतो. परंतु प्रीपेड ग्राहकाला तो पुरावा स्वतःच्या हक्काने मागता येतो तो मात्र २०१२ च्या विनियमांप्रमाणे केवळ सहा महिन्यांचा. उरलेल्या अठरा महिन्यांच्या नोंदीसाठी त्याला आयोगाच्या आदेशाची वाट पाहावी लागते, आणि किनाऱ्यावरील बहुसंख्य जोडण्या प्रीपेडच आहेत.